धनी, पेव आणि आजीचा प्रश्न

प्रिय बाळ्या,

रविवारी फोनवर तू विचारलंस ना, "एकच देव ठेवलास तर गोष्टीत भांडण कुठनं आणणार मर्दा", ते काय डोक्यातनं जाईना. तेव्हा मी शंभर फुटी रस्त्यावर गाडीवर होतो, मागनं हॉर्न चाललेले, म्हणून नुसतं हो हो करून फोन ठेवला. पण उत्तर मोठं आहे, व्हॉट्सअॅपवर मावायचं नाही, म्हणून पत्रच लिहितोय.

तुला आठवतंय का, अकरावीत फिजिक्सच्या वहीच्या मागं आपण आपल्या मनातल्या मोळा नदीचा नकाशा काढलेला, खाली काठवाले, वर माळवाले, आणि तू त्यात बावीस देव घातलेलेस, वादळाचा एक, लोखंडाचा एक, विहिरींचा एक, अगदी उंबऱ्याचासुद्धा. देवांचं नुसतं पेव फुटलेलं. मला तेव्हा लय भारी वाटायचं ते, पण आता कादंबरी लिहायला बसलो तर त्या बावीस जणांमधला एकही हलेना. नावं आहेत, शस्त्रं आहेत, पण कुणाच्या घरात ते राहतात असं वाटतच नाही.

मग ऑगस्ट २०१९ आठवला. तू तेव्हा बंगलोरला होतास, तुला बातम्या माहिती आहेत, घरातलं माहिती नाही. आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोका पातळी, आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. गावभागात आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीला पाणी लागलं तेव्हा बोट आली. आईनं कागदपत्रं घेतली, मी लॅपटॉप घेतला, आणि आजी देवघरासमोर उभी. तिनं पोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला, तळाला जुन्या लुगड्याचा तुकडा घातला आणि एकेक टाक पुसून त्यात ठेवला, खंडोबा, भवानी, वीर, आणि एक इतका झिजलेला की तो कुणाचा टाक आहे ते तिलाही सांगता येत नाही, पण तिनं तोच सगळ्यात वर ठेवला. बोटीत तो डबा मांडीवर. शेजारच्या काकू लिंगायत, त्या बोटीत समोरच बसलेल्या, त्यांचं इष्टलिंग गळ्यात चांदीच्या डबीत, त्यांचा हात सारखा तिथंच जात होता. मी ते दोन डबे बघत होतो, एक मांडीवर आणि एक गळ्यात, आणि खाली सगळा रस्ता पाण्यात.

मिरजेत मावशीकडं नऊ दिवस होतो. आजी रोज सकाळी तो डबा खिडकीत उघडायची आणि देवांना म्हणायची, "हितंच रावा तूर्त, पाणी उतरलं की जाऊ." देव पण पूरग्रस्त, बघ. आणि एकदा मावशी रडायला लागली की सगळं वाहून गेलं म्हणून, तर आजी एवढंच म्हणाली, "ज्याचं त्यानं नेलं." मी तिला विचारलं, ज्याचं म्हणजे कुणाचं? या डब्यातल्यांचं? तर म्हणाली, "ह्यांचं न्हवं. हे आपल्यातलेच." आणि भाजी निवडायला लागली.

माझ्या कादंबरीतला सगळा धर्म या एका वाक्यातनं आला. डब्यातले आपल्यातलेच, आणि ज्याचं आहे तो वेगळा.

मग मी वाचायला लागलो, कारण एका देवाचा धर्म उभा राहतो कसा ते मला बघायचं होतं. इजिप्तचा अखेनातेन, इसवी सनापूर्वी १४ व्या शतकातला राजा, त्यानं सूर्यबिंबाला, आतेनला, सगळ्यांच्या वर बसवलं, नवी राजधानी बांधली, आमून देवाचं नाव दगडावरनं छिन्नीनं खोडून काढलं. आणि तो मेल्यावर थोड्याच वर्षांत सगळं परत जुन्यासारखं, तुतानखातेन म्हणून जन्मलेला पोरगा तुतानखामून झाला. पण मला अडकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्याच्या त्या राजधानीच्या जागी, अमर्नाला, कामगारांच्या घरांत छोट्या छोट्या देवांची ताईतं सापडली, बेस म्हणून एक बुटका देव आणि पाणघोड्याच्या रूपातली तावेरेत, दोघंही बाळंतिणीला आणि पोराला राखणारे. राजाची छिन्नी देवळापर्यंत पोचली, पोळ्यांच्या डब्यापर्यंत नाही पोचली. म्हणजे वरनं हुकूम काढून देव एक होत नाही. डब्यातल्यांचं काय करायचं, याचं उत्तर जो धर्म देतो तोच टिकतो असं माझं मत झालंय.

आणि याचं एक उत्तर आपल्या शेजारीच निघालं! फलटण चक्रपाणींचं म्हणून महानुभावांचं मोठं स्थान आहे हे आपल्याला माहिती, पण त्यांचा विचार मी कधी वाचला नव्हता. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या, जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. देवता खोट्या आहेत असं ते म्हणत नाहीत. देवता आहेत, आपापलं फळ पण देतात, पण मोक्ष परमेश्वरच देणार. किती स्वच्छ मांडणी आहे बघ. मोळाकाठच्या जुन्या देवांना मी तसंच केलं, म्हणजे तंतोतंत तसं नाही, आमच्या शेतातल्या भाषेत. ते बावीस जण आता देव नाहीत, गडी आहेत. माणूसही गडीच. त्यांच्याशी बोलायचं, भाकरी वाटून खायची, सल्ला घ्यायचा, पण पाया पडायचं नाही, गड्यानं गड्याच्या पाया पडायचं नसतं. तुझा उंबऱ्याचा देव तसाच ठेवलाय, काळजी करू नकोस.

आणि वरचा जो एक, त्याचं नाव धनी. बाकी नाव नाही, रूप नाही. जमीन त्याची, पाणी त्याचं, आपल्याकडं फक्त कसायला. प्रार्थना एका ओळीची, "धनी, तुझं आहे, माझ्याकडं आहे." बास.

आता तुझं भांडण. ते माझ्या आजोबांनी दिलं.

आजोबा कूळ होते हे तुला माहिती आहे. मालक पुण्याला, खंड न्यायला त्यांचा कारभारी यायचा. दरवर्षी बांधावर उभं राहून सांगायचा, मालकांचं म्हणणं असं आहे, यंदा दोन पोती जास्त. मालकांना राग आलाय, विहिरीचं पाणी तोडा. मालकांची इच्छा आहे की पोराला शाळेतनं काढून इकडं कामाला लावा. आजोबांनी माझ्या चुलत्याला खरंच दोन वर्षं शाळेतनं काढलं. मग कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा तोच मालक ठरला, आणि पुढं कागदांच्या कामाला आजोबा पहिल्यांदाच त्या मालकांच्या वाड्यावर गेले. म्हातारा माणूस, चहा दिला, बसवलं. आजोबांनी हे सगळं बोलून दाखवलं. तर त्या माणसाला त्यातलं काहीच माहिती नव्हतं. ना दोन पोती, ना पाणी, ना पोरगा. आजोबा हे सांगताना कारभाऱ्यावर कधी चिडायचे नाहीत, ते फक्त म्हणायचे, "मी आधीच जाऊन इचारायला पायजे हुतं."

बाळ्या, एका देवाच्या धर्मातलं भांडण हे आहे. देव एक आहे का दोन हे नाही. त्याच्या नावानं कोण बोलतंय हे! म्हणून काठवाल्यांचं पहिलं वचन, धन्याला कारभारी नाही. आणि मग मला कळलं की हे मी नवीन काही सांगत नाहीये, जोतीराव फुल्यांनी हेच सांगितलेलं, त्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या साताऱ्यातलं. १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, निर्माण करणाऱ्याला शब्द दिला निर्मीक, आणि सांगितलं की निर्मीक आणि त्याची लेकरं यांच्यामधी दलाल नको. निर्मीक हा शब्द मला फार आवडतो, किती साधा आणि किती पक्का.

माळवाले मात्र वेगळं म्हणतात. ते म्हणतात धनी कधीच आला नाही, येणार पण नाही, कसेल त्याची जमीन. पाखंड म्हणून काठवाले त्यांना हाकलतात, पण मला लिहिताना त्यांचंच पटतं कधीकधी, आजोबांचा नातू आहे ना मी. हे सगळं तुला कादंबरीत येईल, इथं सांगत बसत नाही.

देऊळ मात्र सांगायलाच पाहिजे. हरिपूरची हळदीची पेवं तू पाहिलीस का कधी? वरनं बघितलं तर नुसती जमीन, माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि आत रांजणासारखं रुंद होत गेलेलं. हळद वर्षानुवर्षं राहायची त्यात. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आत हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडतात, कंदील विझला तर माणसानं जायचं नाही. काठवाल्यांचं देऊळ म्हणजे असंच एक रिकामं पेव. आत काही नाही. मूर्ती नाही, दगड नाही, लिहिलेलं नाही. एका वेळी एक जण उतरणार, कमरेला दोर, हातात दिवा, तळाशी बसून ती एक ओळ म्हणायची आणि वर्षभरात काय वापरलं ते मोठ्यानं सांगायचं. वर दोर धरायला एक जण लागतो, आणि तो आपल्या घरातला चालत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा मिळाला तर उत्तम. मला हा सीन लिहिताना अंगावर काटा आला, खरंच, दोन भाऊबंद, बांधावरनं सात वर्षं भांडण, आणि एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात.

आणि पूर आला की पेवं बुडतात, ढासळतात. हरिपूरची पण २००५ च्या पुरात बरीच गेली. मग काठवाले नवीन खणतात, जुनी जागा पवित्र बिवित्र काही नाही. यरुशलेमचं देऊळ इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये पाडलं आणि ज्यू लोकांना बाबिलोनला नेलं, तरी त्यांचा देव त्यांच्याबरोबर राहिलाच, ते वाचल्यापासनं मला हे पक्कं वाटतं की ज्या देवाचं घर बुडू शकतं त्याच्या माणसांना घराबाहेरचा देव शिकावाच लागतो.

एक चूक मी केलेली, ती तुला सांगतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी लिहिलेलं की पूर म्हणजे धन्याची फेरी, तो आपली जमीन बघायला येतो. वाक्य मला फार भारी वाटलेलं, त्याच्यावर चार पानांचं स्तोत्र पण लिहिलं. मग एके रात्री तेच वाचताना ब्रह्मनाळची बोट आठवली, तीच २०१९ ची, उलटली ती. त्यात बुडालेल्यांच्या घरातल्या कुणापुढं मी हे वाक्य वाचू शकतो का? नाही वाचू शकत. चारी पानं काढून टाकली. कारण मीच कारभारी झालेलो ना, धन्याचं म्हणणं असं आहे म्हणून बांधावर उभा. आता दुसरं वचन असं आहे, पुराचं कारण सांगेल त्याच्या हातात दोर देऊ नये. पाणी चढलं की काठवाले कारण सांगत नाहीत, बोटी काढतात.

मागच्या आठवड्यात आजीला हे सगळं वाचून दाखवलं. कान कमी झालेत तिचे, मोठ्यानं वाचावं लागतं, मधी मधी डोळे मिटायची, मला वाटलं झोपली. संपल्यावर म्हणाली, "समदं बरं हाय. पर त्येला जेवायला कोण घालतं?"

मी म्हटलं आजी, त्याला भूक नसते, सगळं त्याचंच आहे.

"त्येला नसंल. पर घातल्याबिगर आपल्याला घास जातो का?"

तीन दिवस मी काही लिहिलं नाही. माझ्या धर्मात हिशेब होता, दोर होता, दिवा होता, आणि नैवेद्यच नव्हता. मी एवढा विचार केला देवाच्या मालकीचा, आणि ताटाचा केलाच नाही. मग चौथ्या दिवशी सुचलं ते असं. पेवातनं वर आलेल्या माणसानं स्वतः काही खायच्या आधी, ज्यानं दोर धरला त्याला आपल्या हातानं जेवू घालायचं, भाकरी, आमटी, जे असेल ते. तोच धन्याचा नैवेद्य. भाऊबंद असला, सात वर्षं बोलत नसला, तरी पहिला घास त्याला.

आजीला सांगितलं. तिनं फक्त "मीठ बी ठेवावं पानात" एवढं म्हटलं, म्हणजे पास झालो असं मी धरतो.

आता तुझं काम. त्या फिजिक्सच्या वहीचं शेवटचं पान तुझ्याकडंच आहे, मला खात्री आहे, तू काही टाकत नाहीस. त्याचा फोटो काढून पाठव, मोळेचं वळण नेमकं कुठं आहे ते मला आठवेना आणि सगळी पेवं त्या वळणाच्या आतल्या बाजूला पाहिजेत. आणि दिवाळीला येशील तेव्हा एक दिवस जास्त काढून ये, हरिपूरला संगमावर जाऊ, एखादं शिल्लक पेव बघायला मिळतंय का विचारून ठेवतो. वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझाच,
गावभाग, सांगली