पुराची नोंदवही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "तुमची मजा आहे गड्या. आमच्याकडे जूनच्या मध्यावर घंटा वाजते आणि तुम्ही अजून आंबे खात बसलेले असता." मी तेव्हा नाल्याच्या पुलावर उभा होतो, आवाज तुटत होता, म्हणून नुसतं "हो हो" करून ठेवलं. पण ते वाक्य मनातून जाईना. आज रविवार आहे. पोळा होऊन गेलाय, धानाचे रोवणे आटोपलेत, गाव जरा निवांत आहे. बसून सगळं लिहून काढतो.

तू म्हणतोस ते खरं आहे. 2024 साली बाकी महाराष्ट्रात 15 जूनला शाळा उघडल्या आणि विदर्भात 1 जुलैला. 2025 ला तुमच्याकडे 16 जून, आमच्याकडे 23 जून. पण ती सुट्टी कशाची आहे ते बघ. 25 मेला नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि त्यानंतरही मृगाचा पाऊस येईपर्यंत ऊन हटत नाही. आमचा अर्धा जून म्हणजे मे महिन्याची शेपटीच असते. बरं, सुरुवात उशिरा झाली म्हणून शेवट लवकर होतो असंही नाही. 2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा सगळ्या राज्यात एकाच वेळापत्रकाने झाल्या, त्या 25 एप्रिलपर्यंत चालल्या. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आमच्याकडे पारा कुठे असतो ते तुला बातम्यांत दिसतच असेल. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं दरवर्षी त्याच बातमीत असतात.

सकाळची शाळा असते, ते ठीक. सात वाजता पोरं ताजी असतात. त्रास असतो तो शाळा सुटतानाचा. आमच्या शाळेपासून टोली, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, दीड किलोमीटर आहे आणि मध्ये सावली नाही. गेल्या एप्रिलमध्ये चौथीतली एक मुलगी हातात पळसाची पानाळ फांदी घेऊन घरी निघालेली बघितली. चपलेचा अंगठा तुटला होता. पाय भाजायला लागले की ती फांदी डांबरावर टाकायची, त्या पानांवर उभी राहायची, दहापर्यंत मोजायची, फांदी उचलायची आणि पुढे पळायची. मी गाडी थांबवून तिला घरी सोडलं. घरी कुणी नव्हतं, आईबाप मोहफुलं वेचायला जंगलात गेलेले. तिने माठातलं पाणी आधी मला दिलं, मग स्वतः प्यायली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाण्याची घंटा सुरू केली. दर तासाला एक टोला. टोला पडला की शिकवणं थांबवायचं, सगळ्यांनी बाटली तोंडाला लावायची आणि ज्याची रिकामी असेल त्याने उठून भरून घ्यायची. टिनाच्या छताच्या दोन खोल्या दहानंतर रिकाम्या करतो आणि ती पोरं पोर्चमध्ये किंवा कडुलिंबाखाली बसवतो. वर्गात फळा नसला तरी चालतो, हवा लागते. अंगणवाडीताईंकडून जलसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं आणून कपाटात ठेवलीत. एवढंच आपल्या हातात आहे.

उन्हाचं एक बरं असतं, ते सांगून येतं. पावसाचं तसं नाही. आणि खरं सांगायचं तर मला पावसाबद्दलच लिहायचं होतं.

तू आमचं गाव बघितलेलं नाहीस, म्हणून थोडं समजावतो. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडाऱ्यावरून खाली येते. पवनी तालुक्यात तिच्यावर गोसीखुर्दचं धरण आहे, 33 दरवाज्यांचं. आम्ही त्याच्या खाली. गाव नदीपासून थोडं लांब आहे, पण गाव आणि टोलीच्या मधून एक नाला नदीला जाऊन मिळतो आणि त्यावर रपटा आहे. रपटा म्हणजे ठेंगणा पूल, ज्याच्यावरून पाणी जाणारच हे धरूनच बांधलेला. नदी भरून वाहू लागली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागे फुगतं. आमची माणसं म्हणतात, "गंगेचा दाब आला." हा दाब यायला आमच्याकडे पाऊस पडावा लागत नाही. पाऊस पडतो सिवनीला, बालाघाटला. पाणी आमच्याकडे एखाद-दोन दिवसांनी पोचतं, आणि तोवर इथे लख्ख ऊन पडलेलं असतं.

आता शाळेला सुट्टी कशी मिळते ते बघ. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट येतो, तो जिल्ह्याचा असतो. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी सुट्टीचा आदेश काढतात, तोही बहुतेक वेळा सगळ्या जिल्ह्याचा. अतिवृष्टी मोजायची ती महसूल मंडळात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेली की. हे सगळं आभाळातून पडणाऱ्या पाण्याचं गणित झालं. रपट्यावर चढणाऱ्या पाण्याला त्यात कुठे रकानाच नाही. म्हणून होतं काय, तर सुट्टीच्या दिवशी आमची पोरं कोरड्या पटांगणात क्रिकेट खेळतात आणि शाळेच्या दिवशी नाला अडवतो.

यंदा जुलैत माझ्याकडून एक चूक झाली. ती तुला सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

मंगळवारी सुट्टी होती. सोमवारी रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर आदेश आला होता. पण मंगळवारी दिवसभर नुसती झिमझिम. बुधवारी सकाळी ऊन पडलं. मी रपट्यावर गेलो, पाणी खालून जात होतं, दोन हात तरी खाली. मी पलीकडे हाक दिली, "पाठवा पोरांना." अकरा पोरं आली. धरणातून विसर्ग वाढवल्याचा मेसेज सकाळीच ग्रुपवर पडला होता आणि मी तो वाचलाही होता. पण डोक्यावर ऊन असलं की माणूस मेसेजपेक्षा उन्हावर विश्वास ठेवतो. दुपारी तीनला स्वयंपाकीण मावशी धावत आल्या, "सर, रपटा बुडला."

पोरांना वर्गातच बसवून मी नाल्यावर गेलो. पाणी गढूळ आणि अगदी शांत, जराही खळखळ नाही. दाबाचं पाणी असंच चढतं, आवाज करत नाही. पलीकडे आईबाप उभे. आमच्या टोलीत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे एक बांधव आहेत, जन्म नदीवर गेलेला. त्यांनी पाण्याच्या काठाला एक तुराटी रोवली आणि तिच्याकडे बघत बसले. विडी संपायच्या आत तुराटीचं बूड पाण्यात गेलं. ते ओरडले, "सर, चढूनच रायलं! आज उतरत नाही!" तेवढ्यात पहिलीतल्या पोराचा बाप धोतर खोचून पाण्यात उतरला. गुडघाभरच होतं. पण खाली रपट्याची कड कुठे संपते ते दिसत नव्हतं. मी आयुष्यात एवढा मोठ्याने कधी ओरडलो नसेन. दोघांनी त्याला मागे ओढलं. तो काठावर बसून रडायला लागला. इकडे त्याचं पोरगं वर्गात भाताची खिचडी खात होतं, त्याला काही ठाऊक नव्हतं.

ती अकरा पोरं रात्री गावात राहिली. कुणाकडे दोन, कुणाकडे तीन. कुणाला सांगावं लागलं नाही, बाया स्वतः येऊन पोरं घेऊन गेल्या. पहिलीतला तो माझ्याकडे होता. रात्री लाइट गेली, मोबाइल बंद पडले. मग मी त्याला खांद्यावर घेऊन नाल्यावर गेलो आणि बॅटरी तीनदा उघडझाप केली. पलीकडून कुणीतरी तीनदा उत्तर दिलं. तेव्हा कुठे तो झोपला. पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं.

मी तीन रात्री नीट झोपलो नाही. मग शनिवारी मुख्याध्यापकबाई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि ते ढिवर बांधव असे आम्ही रपट्यावर जमलो. त्यांनी सांगितलं तशा बाजूच्या खांबावर ऑइलपेंटने तीन पट्ट्या मारल्या, खाली पांढरी, मध्ये पिवळी, वर लाल. पांढरीला पाणी लागलं की टोलीच्या पोरांना ताबडतोब घरी पोचवायचं, तास चालू असला तरी. पिवळी बुडाली की कुणी निघायचंच नाही. सकाळी सहाला ते पट्टी बघतात आणि मला फोन करतात. फोन लागत नसेल तर बाभळीला लाल दुपट्टा बांधतात, तो शाळेच्या ओट्यावरून दिसतो. आणि धरणाचा मेसेज आला की पट्टी दिसत असो वा नसो, दुपारनंतर टोलीची पोरं इकडे ठेवायची नाहीत.

मग त्या दिवसांत ती पोरं शिकणार कशी? त्यासाठी टोलीच्या समाजमंदिरात एक लोखंडी पेटी ठेवलीय. पाट्या, जुनी पुस्तकं, अंकगणिताचे तक्ते, रंगीत खडू, गोष्टींची पुस्तकं. टोलीतली एक मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपट्टा बांधला की ती पेटी उघडते आणि पोरं बसवते. आम्ही शिक्षक आपापल्या खिशातून तिला थोडं देतो, ते पुरेसं नाही हे मला कळतं. पोषण आहाराचं मात्र जमत नाही. तांदूळ शाळेत, चूल शाळेत. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदळाचा हिशेब आहे, सहावीच्या पुढे 150 ग्रॅम. रोवणीच्या दिवसांत आई पहाटेच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाते तेव्हा तेच पोराचं खरं जेवण असतं. पेटीत धडा ठेवता येतो, भात नाही ठेवता येत. याचं काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही.

आता मला सर्वांत जास्त काय टोचतं ते सांगतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे. जाहीर सुट्टी झाली तर तो दिवस पुढे भरून काढता येतो, सगळ्यांसाठी. पण नाला अडला त्या दिवशी शाळा 'सुरू' असते. गावातली पोरं बसलेली असतात, धडा पुढे जातो, आणि टोलीच्या अकरा नावांपुढे आम्ही 'गैरहजर' लिहितो. त्यांचे दिवस कुणी भरून देत नाही, कारण कागदावर ते गेलेलेच नाहीत. परीक्षेत मार्क कमी पडले की आपणच म्हणतो, टोलीची पोरं शाळेत येत नाहीत. मित्रा, ती गैरहजर नसतात रे. ती दप्तर पाठीला लावून नाल्याच्या पलीकडे उभी असतात. मी बघितलंय.

म्हणून एक साधी दोनशे पानी वही घातलीय. पुराची नोंदवही. तारीख, सकाळी सहाची पट्टी, संध्याकाळची पट्टी, कोण अडकलं, पेटी उघडली का, काय शिकवलं. खाली टोलीतल्या एका पालकाची सही किंवा अंगठा. केंद्रप्रमुखांना दाखवली. त्यांनी शांतपणे सगळी पानं वाचली आणि म्हणाले, लेखी द्या, मी पुढे पाठवतो. दिलंय. मागणी एकच आहे. असा दिवस स्थानिक सुट्टी म्हणून धरायचा की नाही हे मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीला सकाळी सहाला ठरवू द्या आणि भरून काढायचा दिवसही त्यांनाच ठरवू द्या. उत्तर अजून आलेलं नाही. येईपर्यंत आम्ही टोलीच्या पोरांसाठी शनिवारी दुपारी जादा दोन तास घेतोय.

बघ, मुद्द्याचं राहूनच जात होतं. ऑगस्ट 2020 च्या शेवटचा वैनगंगेचा पूर तुला आठवत असेल. मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडावे लागले. कोरोनामुळे शाळा बंदच होत्या, म्हणून पोरांचं निभावलं. पण ऑफिसात पाणी शिरलं आणि दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पोराची नोंद, भिजलं. बेंचवर पंखे लावून आम्ही एकेक पान सुटं केलं, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घातला, दर दोन तासांनी तो बदलला. असे चार दिवस. काही पानांवरची निळी शाई पसरली ती पसरलीच. आपल्याला ते जुनं रजिस्टर वाटतं, पण इथल्या माणसाला जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद लागते. अनुसूचित जमातीला 1950 च्या आधीची, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या, ओबीसींना 1967 च्या. ती नोंद बहुतेकांची दुसरीकडे कुठेच नाही, आमच्या त्या फुगलेल्या पानांतच आहे. आता पावसाळ्यात ते रजिस्टर मेनकापडात गुंडाळून आडव्या तुळईवर टांगून ठेवतो.

तू मागे म्हणाला होतास की तुमच्या शाळेने जुनी रजिस्टरं स्कॅन करून घेतली. कुणाकडून केलीत, पानाला किती पडले, आणि शिवण न उसवता पान सपाट कसं धरलं, एवढं मला कळव. शाई पसरलेली पानं त्यात नीट वाचता येतात का तेही विचारून ठेव. दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचं मनात आहे. तेव्हा धान कापणीला आलेलं असतं, नाला पायाच्या घोट्याएवढा असतो. जमलं तर चार दिवस येऊनच जा, आपण दोघं मिळून करू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
डी.एड.चा जुना सोबती