हुडहुडी भरते ती मेंदूमुळे

पावसाळा आला की दवाखान्यांत ‘ताप उतरत नाही, अँटिबायोटिकच द्या’ हा हट्ट सुरू होतो. मुळात ताप चढवतो आपलाच मेंदू. काही जिवाणूंच्या आवरणातले विष रक्तात आले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिनसारखी रसायने सोडतात. त्यातून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन तयार होते आणि हायपोथॅलॅमस हा मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग शरीराचे ठरलेले तापमान ३७ वरून, समजा, ३९ अंशांवर नेतो. त्या मानाने शरीर अजून थंडच असते; म्हणूनच कपाळाला चटका बसत असतानाही रुग्ण आणखी एक गोधडी मागतो! पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन अडवते, जिवाणूला हातही लावत नाही. डेंग्यूसारख्या विषाणूजन्य तापावर तर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. तरीही ती चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने निदान या दिवसांत तरी औषध दुकाने तपासावीत.

– एक वाचक, सांगली