माळ्यावरचं किट

चिपळूण, श्रावणातला रविवार

प्रिय सच्या,

फोनवर सांगायला घेतलं होतं पण तू मीटिंगमध्ये होतास आणि नंतर राहूनच गेलं, आणि खरं सांगायचं तर हे फोनवर सांगून होणारं नाहीच, म्हणून पत्र लिहितोय, निवांत वाच.

आपलं जुनं किट माळ्यावर होतं ते आठवतंय ना? 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा खालचं काही म्हणजे काही राहिलं नाही, फ्रिज, गाद्या, आईच्या साड्या, आपले शाळेचे फोटो, सगळं चिखलात गेलं. माळ्याला मात्र पाणी लागलं नाही. आणि माळ्यावर काय होतं तर बॅट, स्टंप, कॅरम, बॅडमिंटनची नेट, टेनिस बॉलची गोणी, शाळेच्या लेझीम. तेव्हा मला रागच आला होता रे, की कामाचं सगळं गेलं आणि हे राहिलं. या मार्चमध्ये माळा साफ करायला काढला, भंगारवाल्याला दारात उभं केलं, त्याने वजनाचा काटा काढला आणि माझा हात काही पुढे होईना. आपल्या लहानपणातलं हातात धरता येईल असं एवढंच उरलंय. त्याला चहा दिला आणि रद्दी देऊन पाठवलं.

पण नुसतं जपून ठेवायचं म्हणजे परत धूळच खाणार ना. मग ठरवलं की घरात जे लागेल ते यातूनच काढायचं.

एप्रिलमध्ये बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तुला माहितीच आहे. वॉकर आला. आपल्या घरात लादी, त्यामुळे रात्री बाथरूमला उठले की खट खट खट, अख्खं घर जागं व्हायचं, आणि बाबा एवढे संकोची की दुसऱ्यांची झोप मोडते म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे बंद झाले. ते कळलं तेव्हा मला रडू आलं. फिजिओथेरपीवाल्या ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या पुढच्या दोन पायांची रबरी बुटं तशीच राहू देत, मागच्या दोन पायांना टेनिस बॉल लाव, फक्त ओल्या लादीवर जपा. पवन तलाव मैदानावरच्या टुर्नामेंटचे बॉल होते बघ, हवा गेलेले, लव झडलेली. कटरने फुलीसारखी चीर दिली आणि पाय आत दाबून बसवला. कापताना हात जपून धर, बॉल घरंगळतो, चिमट्यात धरलेला बरा. पहिला जोड दीड महिन्यात झिजून भोक पडला, गोणीत अजून तीसेक आहेत म्हणून काळजी नाही.

आवाज गेला. तर चार दिवसांनी आई म्हणते, आता हे कधी उठतात मला कळतच नाही रे, मी रात्रभर दचकून जागी होते. म्हणजे त्या खटखटीवरच तिचं लक्ष असायचं! मग लेझीमच्या चकत्या आठवल्या. दोन चकत्या सोडवून सुतळीने वॉकरच्या आडव्या दांडीला बांधल्या. बारीक छुन छुन येते, आईच्या कानापर्यंत पोचते आणि मुलांची झोप मोडत नाही. 15 ऑगस्टच्या लेझीमचा आवाज आता रात्री दोन वाजता घरात येतो आणि बाबा परत पाणी प्यायला लागलेत. एवढ्या एका गोष्टीसाठी ते सगळं किट राहिलं असं मला मनापासून वाटतं.

कॅरमचं सांगतो. मधे फुगवटा आलाय, सोंगट्या सरळ जात नाहीत, म्हणजे खेळायला संपला. पण चौकट पक्की शिसवी आहे. घासून, साबणाने धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवला, कारण बोरिक पावडर मुरलेली असते आणि ती पोटात जाता कामा नये. जाळ्या नव्या लावल्या. आता तो बाबांच्या पलंगाशेजारी एका स्टुलावर असतो आणि चार भोकांच्या चार जाळ्यांत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा गोळ्यांच्या पट्ट्या. बाबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही पण कोपरा बरोबर सापडतो, हाताला सवय आहे ना, चाळीस वर्षं खेळलेत. उरलेली पावडर कणकेत थोडी साखर घालून मळली आणि गोळ्या करून सिलिंडरच्या मागे आणि मोरीच्या कोपऱ्यात ठेवल्या, झुरळं खूप कमी झाली. लहान मुलं, मांजर असेल तर मात्र हे करू नको, तुझी पिंकी रांगते अजून.

नेट परसात लावली. 20 फूट लांब आणि अडीच फूट रुंद, तशी उपयोगाची नाही, म्हणून मधे दुमडून दोन कडा नायलॉनच्या दोऱ्याने शिवल्या, 10 बाय 5 ची जाळी झाली, पडवळ आणि कारली दोन्ही वर चढलीत. खालची कड हातभर वर ठेवलीय, कारण आमच्या आतेकडे अशाच जाळीत धामण अडकून मेली होती आणि ते बघवत नाही. स्टंप 28 इंचांचे, टोमॅटोला पुरत नाहीत, मिरचीला आणि वांग्याला मस्त, टोक आहेच, एक ठोका दिला की जमिनीत. तुटलेल्या रॅकेटची तार काढून रिंगणाला जुन्या पडद्याची पिशवी शिवली आणि बांबूला बांधून झेला केला, मे महिन्यात मागच्या पायरी आंब्याच्या झाडाचे आंबे त्यानेच उतरवले. घोस जड असेल तर रिंगण वाकतं, आंबा एकेकच घ्यायचा.

किटबॅग तर आता घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. जून लागला की घराची कागदपत्रं, बाबांच्या फाईली, बॅटरी, महिन्याची औषधं, सगळं प्लास्टिकमध्ये बांधून त्यात आणि बॅग माळ्यावर. पाऊस रात्रभर लागला की मी एकदा उठून तिच्यावर टॉर्च मारून येतो.

आता बॅट. वर्गणी काढून घेतलेली, काश्मीर विलो, आठवतंय, तू सायकलच्या दुरुस्तीचे पैसे दिले होतेस आणि घरी मार खाल्लास. मूठ सैल झालीय, वेत सुटलाय, टोकाला चीर आहे. तेल लावून ठेवली. दाराशेजारी आडवी बसवून छत्र्या आणि रेनकोटला पाच हूक लावायचे असं मनात आहे, लाकूड मऊ आहे, आधी बारीक भोक पाडून मगच हूक फिरवला की फुटणार नाही. शेजारच्या काकांकडून ड्रिलही आणून ठेवलंय. पण मागच्या बाजूला आपल्या सगळ्यांची नावं पेनाने लिहिलेली आहेत ती अजून दिसतात, आणि बॅट माझ्या एकट्याची नाही. नावं सोडून पेन्सिलीने खुणा केल्यात. चौथी खूण तुझ्या नावाच्या अगदी जवळ येते, ती थोडी डावीकडे सरकवू का?

गणपतीला येतोयस ना, तेव्हा बघ आणि सांग. तोवर ड्रिल लावत नाही. काकूंना नमस्कार, पिंकीला पापा.

तुझाच,
बाळ्या