घाडगे यांची समाधी कॅसिनोत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील मराठा सैनिकांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. त्यात व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांची समाधी इटलीतील कॅसिनो येथे असल्याचे म्हटले आहे. ते विधान दुरुस्त व्हावे, म्हणून हे पत्र. कॅसिनोत घाडगे यांचे नाव कोरलेले आहे, समाधी नाही. हा फरक बारीक वाटला तरी, परमुलखात कामी आलेल्या सैनिकाचा शेवट कसा झाला आणि त्याला पहिल्यांदा कुठे माती मिळाली, हे शोधणाऱ्या घरच्या माणसांसाठी तोच पहिला दुवा असतो.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली, तेव्हा अगदी जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात ते स्वतः सोडून तुकडीतले सगळे जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा असे दोन्ही निकामी केले, आणखी एकाला टॉमीगनने टिपले आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२. लढाईचा हा सारा तपशील व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात नोंदलेला आहे. म्हणजे ज्याच्या अखेरच्या काही मिनिटांचा हिशेब इतका बारकाईने लिहून ठेवला गेला, त्याच सैनिकाचा देह कुठे आहे हे मात्र ठाऊक नाही, आणि त्याच कारणाने त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. १९५६ मध्ये उघडलेले हे स्मारक इटलीच्या मोहिमेतील अशा चार हजारांहून अधिक सैनिकांचे आहे, ज्यांची कबर ज्ञात नाही. इटलीतील मोंतोने येथे २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे जे स्मारक उभे राहिले, तेही स्मारकच आहे, समाधी नव्हे.

इटलीत पडलेल्या भारतीय सैनिकाचे नाव तीनपैकी एका ठिकाणी सापडू शकते. युद्धस्मशानात त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड असेल, तर देह सहसा तिथे आहे. ज्यांच्या देहाला धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला त्यांच्यासाठी सांग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी अशी तीन दहन-स्मारके आहेत. एकट्या सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक नावे आहेत. आणि ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही त्यांची नावे कॅसिनोच्या स्मारकावर. ‘आमचे आजोबा इटलीत गेले’ एवढेच ज्या घरात माहीत आहे, त्यांना आजोबांचे नाव यांपैकी कुठे आहे एवढे कळले, तरी अंत्यसंस्कार झाले की नाही याचे निम्मे उत्तर मिळते. बातमीत आणि लेखात आपण या तिन्हींना सरसकट समाधी म्हणू लागलो, तर हा धागा तिथेच तुटतो.

पहिल्या दफनाचे म्हणाल तर आघाडीवर ते बहुधा सोबत्यांच्याच हातून होई. चिता पेटवणे म्हणजे शत्रूच्या तोफांना ठिकाण दाखवणे, हे उघड आहे. त्यामुळे हिंदू जवानालाही आधी तात्पुरती माती दिली जाणे स्वाभाविक होते. जागेवर खूण रोवून नकाशातील संदर्भ कळवला जाई आणि लढाई पुढे सरकल्यावर विखुरलेली थडगी उकरून अवशेष मोठ्या स्मशानात एकत्र केले जात. पहिल्या महायुद्धातील या कामाचे छापील तक्ते आजही पाहायला मिळतात. देह सापडला ती नकाशातील जागा, थडग्यावर क्रूस होता का, पलटणीचा तपशील, ओळख कशावरून पटली आणि काही वस्तू तळावर पाठवल्या का, असे त्याचे रकाने आहेत. ओळखीच्या रकान्यात कुठे बिल्ला, कुठे चमचा, कुठे नुसते बुटांचे माप लिहिलेले असते. पहिल्या कबरीचा पत्ता सांगणारा याहून भरवशाचा कागद नाही.

युद्धातील कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नावांची यादी इंटरनेटवर विनामूल्य खुली आहे आणि अनेक नावांसोबत असे कागदही जोडलेले आहेत. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवर विसंबू नये. घाडगे, घाटगे, घाडिगावकर यांचा नोंदी करणाऱ्या कारकुनांनी काय घोळ घातला आहे ते देवच जाणे. त्यापेक्षा मृत्यूची तारीख आणि रेजिमेंट घेऊन शोधावे. १० जुलै १९४४ ही तारीख घेतली, तर त्या दिवशी कामी आलेल्या इतर मराठा जवानांची नावेही समोर येतात. त्यांच्यासाठी कुणी सन्मानपत्र लिहिले नाही. यादीत गावापुढे जिल्हा कुलाबा (रायगडचे तेव्हाचे नाव) असेल, रायगड नव्हे. मृत्यू कसा झाला यासाठी बटालियनची युद्धदैनंदिनी पाहावी लागते आणि त्यांचा मोठा साठा लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. घाडगे यांचे बटालियन पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत राहिले नाही, ते पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेले, हेही मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावच्या केंद्रात चौकशी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांची स्थिती याहून कठीण आहे. पूना डिव्हिजनमधून १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिकडे लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथले कूत हे शहर तुर्कांच्या हाती पडले आणि कैद झालेल्यांतले कितीतरी जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि पुढे तुर्कस्तानच्या छावण्यांत गेले. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या भारतीय शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. या भेदभावाची कबुली खुद्द कमिशनने २०२१ च्या अहवालात दिली आहे. ती द्यायला शंभर वर्षे लागली, हा भाग वेगळा.

त्याच वर्षी पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी असलेल्या गाववार वह्या लाहोरच्या संग्रहालयातून बाहेर आल्या आणि अनेक कुटुंबांना पणजोबांचा पत्ता लागला. आपल्याकडे तसा संच हाती नाही. साताऱ्याकडे आणि कोकणात गावोगावी ‘या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा शिळा आहेत, पण त्यांवर नावे नाहीत. कमिशनच्या यादीतील मराठा, महार आणि इतर पलटणींतील सैनिकांची नावे गाव-तालुक्यानुसार देवनागरीत उतरवून, प्रत्येकासमोर त्याचे नाव कोणत्या प्रकारच्या स्मारकावर आहे हे लिहून, ती यादी ग्रामपंचायतींकडे पाठवण्याचे काम राज्याच्या सैनिक कल्याण विभागाने पुराभिलेख संचालनालयाला सोबत घेऊन करावे. सुरुवात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सातारा या चार जिल्ह्यांपासून करता येईल. आपल्या दैनिकानेही हा विषय संबंधितांपुढे मांडावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, महाड (जि. रायगड)