फॉर्मच्या लिंकशेजारी दोन ओळी लिहा

महोदय,

भांडुप स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. वेबसाइटवरच्या लिंकवर क्लिक केलं की कधी फॉर्मऐवजी नुसता कंसाकंसांचा मजकूर येतो, नाहीतर कोऱ्या पानावर ‘प्लीज वेट’ येतं आणि ते तसंच राहतं. समोर बसलेल्या बाईंना वाटतं आपल्यालाच हे जमत नाही. असं काही नसतं हो, म्हणून हे पत्र.

आता एफडीएफ फाइलच घ्या, म्हणजे पीडीएफ फॉर्ममध्ये भरलेली माहिती वेगळी साठवणारी फाइल. तिच्यात फॉर्म नसतोच मुळी, रकान्याचं नाव, त्यात काय भरलंय ते, आणि मूळ पीडीएफ कुठे ठेवलीय तो पत्ता, एवढंच असतं. ॲडोबी कंपनीचा पीडीएफ उघडायचा प्रोग्रॅम, ॲक्रोबॅट, तो पत्ता वाचून पीडीएफ उघडतो आणि रकाने भरून दाखवतो. इन्फोपाथ हा मायक्रोसॉफ्टचा फॉर्म बनवायचा-भरायचा प्रोग्रॅम, त्याच्या एक्सएमएल फाइलचंही तेच, नोटपॅडमध्ये उघडून बघा, अगदी वरच्या ओळींत ही फाइल कुठल्या प्रोग्रॅमची आणि तिचा टेम्प्लेट, म्हणजे मूळ कोरा फॉर्म, कुठे आहे ते लिहिलेलं असतं. मग ऑफिसवाले वेबसाइट नवीन करतात, फोल्डर हलवतात आणि तो पत्ता बंद पडतो, माहिती सगळी शाबूत पण दाखवायला फॉर्मच नाही! लोक सुट्टी टाकून, कागद गोळा करून भरतात हे सगळं, याचा विचार कोणीतरी करायला हवा ना.

दुसरं म्हणजे फाइल कुठल्या प्रकारची आहे हे सर्व्हर, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते तो कॉम्प्युटर, ब्राउझरला सांगतो. त्याने साधा मजकूर म्हणून पाठवली तर ब्राउझर ती स्वतःच दाखवून मोकळा होतो, ॲक्रोबॅटपर्यंत जातच नाही. ही सेटिंग वेबसाइटवाल्यांच्याच हातात असते, आमच्या नाही.

‘प्लीज वेट’वाले फॉर्म एक्सएफए प्रकारचे, म्हणजे पीडीएफच्या आत वेगळ्याच पद्धतीने बनवलेले, ती पद्धत न कळणाऱ्या प्रोग्रॅमला ते दाखवता येत नाहीत. पूर्वी ब्राउझरमध्ये ॲडोबीचा प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, चालायचा म्हणून ते तिथेच उघडायचे, क्रोमने २०१५ मध्ये तसले प्लगइन बंद केले. फायरफॉक्स २०२१ पासून ते दाखवतो, पण खात्रीचा उपाय म्हणजे फाइल सेव्ह करा, मग डेस्कटॉपवरच्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. मोबाइलवर वेळ घालवू नका. खरं तर पीडीएफच्या २०१७ च्या स्टँडर्डने एक्सएफए बाद ठरवलंय, आणि इन्फोपाथची तर २०१३ नंतर नवी आवृत्तीच आली नाही, तरी असले फॉर्म अजून लोकांच्या गळ्यात मारले जातात याचा मला मनापासून राग येतो.

फॉर्म टाकणाऱ्या सगळ्या ऑफिसांना विनंती आहे की लिंकच्या शेजारी मराठीत लिहा, ‘आधी सेव्ह करा, अमुक सॉफ्टवेअरमध्ये उघडा’. वेबसाइट बदलली तरी जुना पत्ता चालू ठेवा. आणि प्रिंट काढून हाताने भरता येईल अशी साधी पीडीएफ सोबत द्या, ती कुठेही उघडते.

आपला,
एक दुकानदार, भांडुप, मुंबई