त्या पुस्तकाबद्दल

चि. मनू हिस,

काल फोनवर "घेऊ नकोस" एवढंच बोलले आणि ठेवून दिला. रात्रभर चैन पडलं नाही. इतक्या महिन्यांनी तू काहीतरी मला विचारून करायला निघालीस आणि मी असं तोडून टाकलं.

किमयेचं, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येचं पुस्तक, शिवण सैल, आधीच्या मालकाच्या पेन्सिलीतल्या टिपा समासात, हे तू सांगत होतीस तोवर मला छानच वाटत होतं. मग म्हणालीस, हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाच्या, पानावर तपकिरी डाग आहे, तापलेलं भांडं टेकवल्यासारखा गोल. तिथे माझ्या पोटात गोळा आला. त्या आधीच्या मालकाने हिंगूळ तापवून पारा काढून पाहिला होता.

घ्यायला माझी ना नाही. फक्त आधी चित्रांची पानं मोजून घे. जुन्या पुस्तकांतली चित्रं कापून सुटी विकणारे असतात. नंतरची आवृत्ती पहिली म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा छापल्याचं साल नीट बघ. बांधणीचं कापड गर्द हिरवं असेल तर सांभाळ. एकोणिसाव्या शतकात तो रंग कधीकधी आर्सेनिकचा असायचा. बघ, पुन्हा विषावरच आले.

तुला आठवतं का, ताप बघायचं थर्मामीटर फुटलं होतं? तू सात वर्षांची. सगळ्यांनी काचा वेचल्या, तू पाऱ्याचे थेंब वेचलेस. काडेपेटीत भरून दोन दिवस उशाशी घेऊन झोपलीस. तळहातावर थेंबाला थेंब भिडवून एक करायचीस, पुन्हा फोडायचीस. मग माझ्या अंगठीवर घासलास आणि ती पांढरी पडली. "आई, सोन्याची चांदी झाली!" म्हणून घरभर नाचलीस. मी अंगठीसाठी रागावले. रागवायला हवं होतं काडेपेटीसाठी, पण तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. सोनार म्हणाला, तापवली की पारा उडून जाईल. उडून कुठे जाईल, हे मी त्याला विचारलं नाही.

पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, मनू. खोकला येऊन कळेल असंही नाही. आणि तो नुसता उघडा पडला तरी हळूहळू उडत राहतो, तापवल्यावर तर विचारूच नकोस. खिडकी उघडी ठेवून भागत नाही.

न्यूटनने किमयेवर दहा लाखांच्या आसपास शब्द लिहिले, ते कागद 1936 साली लिलावात निघाले, हे तूच मला सांगितलंस. किती रंगून सांगत होतीस! मी शेजारी-पाजारी सगळ्यांना ऐकवलं. त्याच्या केसांत पुढे पारा सापडला, हे मात्र तू सांगितलं नाहीस. ते मी शोधून वाचलं.

काल तू 1669 चा तो हेनिग ब्रँड काढलास. सोन्यासाठी मूत्र आटवत बसला आणि फॉस्फरस हाती लागला. खरं आहे. पण ते लोक लिहायचे ते सरळ नसायचं, हेही तुझंच. 'हिरवा सिंह' म्हणजे एकाचा एक पदार्थ, दुसऱ्याचा दुसराच. मग तशा पानावरून कुणी चूल पेटवायची का?

रागावू नकोस. तू लहान नाहीस, प्रयोगशाळेत माझ्यापेक्षा शंभरपट जास्त वावरलीस. मला कळतं ते. तरी तुझ्या खोलीतली ती छोटी शेगडी सारखी डोळ्यांपुढे येते. ती दादाकडे देऊन टाकशील का? नाही, राहू दे. तुला चहाला लागते.

पुस्तक घेच. वाच, टिपा उतरवून काढ, मलाही वाचून दाखव. फक्त घेण्याआधी शेवटपर्यंत चाळ आणि त्या माणसाची शेवटची टीप कितव्या पानावर आहे, तेवढं मला कळव.

तुझी,
आई