बिलावरचे दोन आकडे

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सहज बोलून गेलास की, "आई, कार्डाचं बिल पन्नास हजारांचं आलंय, पण भरायचे फक्त अडीच हजारच आहेत," आणि त्यानंतर मला झोप लागली नाही. लॅपटॉप तुला कामासाठी लागणारच होता, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. परंतु अडीच हजार भरले की या महिन्यापुरता विषय संपला, असे तू धरून चालला आहेस, आणि ते तसे नाही. पतसंस्थेच्या कर्ज विभागात २२ वर्षे काढलेल्या आईने हे तुला पहिल्या पगाराच्या वेळीच सांगायला हवे होते.

बिलावर एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम असे दोन आकडे असतात. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क लागत नाही आणि खाते थकीत धरले जात नाही, एवढाच तिचा उपयोग. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते. तुझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. कागद-पेन घेऊन बस. ४७,५०० रुपयांवर एका महिन्याचे व्याज सुमारे १,६६२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २९९ रुपये, म्हणजे सारे मिळून १,९६१ रुपये झाले. पुढच्या महिन्यात तू पुन्हा अडीच हजार भरलेस, तर त्यातले जवळजवळ दोन हजार व्याजात आणि करात जातील आणि मुद्दल जेमतेम साडेपाचशे रुपयांनी उतरेल. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे पहिला फटका याहून मोठा बसतो. आमच्याकडे सोनेतारण कर्ज १२ टक्क्यांनी घेतानासुद्धा माणसे दहा वेळा विचार करतात. शिवाय बिल पूर्ण फेडले नाही, तर नव्या खरेदीला मिळणारी ४५-५० दिवसांपर्यंतची बिनव्याजी मुदतही बंद होते. मग चारशे रुपयांचा किराणा घेतलास तरी त्याच दिवसापासून व्याज लागते.

हे मी तुला पोटतिडकीने लिहिते आहे, कारण हे आपल्या घरात घडून गेले आहे. तू आठवीत असताना बाबांच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये एका पार्टीचे पेमेंट चार महिने अडकले होते. कामगारांचे पगार थांबवायचे नाहीत म्हणून त्यांनी क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोख रक्कम काढली. रोख काढली की बिनव्याजी मुदत नसतेच, वर काढण्याचे वेगळे शुल्क लागते. हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी मलाही विचारले नाही. दीड वर्ष ते दरमहा किमान रक्कम भरत राहिले आणि देणे तिथल्या तिथेच राहिले. पुढे तेही जमेना, तेव्हा वसुलीवाल्याने एकूण देण्यापेक्षा कमी अशी तडजोडीची रक्कम सांगितली, बाबांनी ती एकरकमी भरली, आणि आम्ही दोघांनी त्या दिवशी अंबाबाईला जाऊन नारळ फोडला.

तडजोड झाली होती, पण फेड झाली नव्हती. या दोन्हींतला फरक आम्हाला काही वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर कळला. कर्ज नाकारले गेले, तेव्हा मी बाबांचा सिबिल अहवाल, म्हणजे त्यांच्या आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढून घेतला आणि इतरांचे अहवाल ज्या टेबलावर रोज तपासते, त्याच टेबलावर तो उघडला. प्रत्येक महिन्याचा एक चौकोन असतो आणि हप्ता वेळेवर गेला असेल तर त्यात तीन शून्ये असतात. बाबांच्या त्या खात्यावर तीन शून्यांनंतर ३०, मग ६०, मग ९० असे उशिराचे दिवस चढत गेले होते आणि शेवटी 'सेटल्ड' असा शेरा होता. आयुष्यात कुणाचा रुपया न बुडवलेला माणूस त्या कागदावर बुडवणारा दिसत होता. कधी बोलण्यात तडजोडीचा विषय निघालाच, तर पूर्ण रक्कम फेडून खाते 'क्लोज्ड' करून घ्यायचे आणि बाकी काही नसल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय उठायचे नाही.

तुझे चौकोन आता कुठे भरू लागले आहेत. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो आणि वेळेवर केलेली फेड हा त्याचा सर्वात मोठा आधार आहे. बँकांना ही माहिती आता महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा कळवावी लागते, त्यामुळे चूकही लवकर दिसते आणि सुधारणाही. बँकेच्या खात्यातून बिल आपोआप भरण्याची सोय आजच चालू कर, मात्र ती करताना 'किमान रक्कम' हा पर्याय न निवडता 'पूर्ण रक्कम' हाच निवड. कार्डाची मर्यादा एक लाख असेल तर तीस हजारांच्या पुढे सहसा जाऊ नकोस. कुणी मॉलमध्ये बॅग देतो म्हणून दुसऱ्या कार्डाचा अर्ज भरू नकोस, कारण अशा प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवून नीट वाच. दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढल्याची प्रकरणे मी स्वतः निस्तरली आहेत.

आणखी एक गोष्ट, जी तुला कठोर वाटेल. तुझा तो गल्लीतला मित्र तुझ्या कार्डावर मोबाईल घेऊन हप्ते तुला देतो म्हणत होता, त्याला नाही म्हण. आपल्याकडे मैत्रीखातर जामीन राहून पस्तावलेली किती माणसे माझ्यासमोर डोळे पुसत बसली, ते मी पाहिले आहे. त्याला फारच गरज असेल तर खिशातले पैसे दे, परत आले नाहीत तरी चालतील एवढेच दे, पण कार्ड देऊ नकोस.

बिलाची शेवटची तारीख १८ आहे, असे तू म्हणालास. माझी भिशी याच महिन्यात लागली आहे, त्यातले तीस हजार रुपये उद्या तुझ्या खात्यावर पाठवते. वीस हजार तुझ्या पगारातून घाल आणि १५ तारखेच्या आतच सगळे बिल भरून टाक, म्हणजे सुट्टी आली किंवा नेट बंद पडले तरी अडचण होणार नाही. माझे तीस हजार तू दर महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला परत देणार, ते तुझे तूच ठरव, पण मला लिहून पाठव. मी ते माझ्या वहीत तुझ्या नावावर मांडून ठेवणार आहे.

तुझी,
आई